कपावरचं स्टर्लिंग इंजिन तीन-चार फेरे मारून थांबतंय? आधी पिस्टनचा स्ट्रोक बघा

तुमच्या प्रोजेक्टचं हे इंजिन, म्हणजे आत कोंडलेली हवा आळीपाळीने तापवून-निववून चालणारं, वर्णन वाचून आणि फोटो बघून मला असं दिसतंय, काही वेगळं असेल तर सांगा. खाली-वर ३ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या गोल प्लेटा, मध्ये ॲक्रिलिकच्या नळीची रिंग, आत १०० मिमी व्यासाची आणि १२ मिमी जाडीची थर्माकोलची चकती म्हणजे डिस्प्लेसर, आणि तो १० मिमी वर-खाली होतो. पॉवर पिस्टन म्हणून १० एमएलची काचेची सिरिंज लावलीये, तिचा क्रँक (फिरत्या चकतीच्या केंद्रापासून पिनपर्यंतचं अंतर) १० मिमीचा, म्हणजे पिस्टन एकूण २० मिमी चालतो, हाच त्याचा स्ट्रोक. फ्लायव्हीलला, म्हणजे गती टिकवणाऱ्या चाकाला, जुनी सीडी. खाली उकळतं पाणी ठेवून हाताने झटका दिला की तीन-चार फेरे मारतं आणि थांबतं. आणि तुम्ही विचारलंय की इंजिन अजून मोठं करू का, पाण्याऐवजी खाली मेणबत्ती लावू का, आणि चाललं तर त्यावर मोबाइल चार्ज होईल का.

मोठं करू नका, मेणबत्ती तर अजिबात लावू नका, मोबाइलचं पुढे सांगतो. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता रविवारी डिप्लोमाची आणि शाळेची पोरं घरी येतात त्यांच्याबरोबर ही इंजिनं करत बसतो, आणि "फिरतं पण थांबतं" म्हणणारं प्रत्येक पोरगं आधी उष्णता वाढवायच्या मागे लागतं. तुमच्याकडे उष्णता भरपूर आहे हो. अडचण अशी आहे की या इंजिनात तयार होणारा दाब एवढासा असतो आणि तुम्ही त्याच्याकडून फार लांबचा पल्ला मागताय, त्यात जे काही थोडं हाती लागतं ते घर्षण खाऊन टाकतं. तीन-चार फेरे मारतं ते तुमच्या झटक्यावर, इंजिनाच्या जोरावर नाही, असं समजा.

आधी आत काय होतं ते दोन वाक्यांत, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डिस्प्लेसर काही दाबत नाही, तो फक्त हवेला ढकलत राहतो, तो वर गेला की हवा खालच्या गरम प्लेटपाशी येते आणि दाब वाढतो, तो खाली आला की हवा वरच्या थंड प्लेटपाशी जाते आणि दाब उतरतो. कामाचा माणूस म्हणजे छोटा पॉवर पिस्टन, तो या वाढत्या-उतरत्या दाबावर हलतो आणि क्रँक फिरवतो. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटलंडच्या पाद्र्याने १८१६ मध्ये पेटंट घेतलं ते इंजिन भट्टीच्या आचेवर चालायचं, तापमानातला फरक शेकडो अंशांचा, त्यामुळे तिथे दाबही चांगला मिळायचा. उकळत्या पाण्यावर किंवा त्याहून कमी फरकावर चालणारं चपटं इंजिन ही अगदी अलीकडची गोष्ट, झाग्रेब विद्यापीठाच्या इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये ते चालवून दाखवलं. मग अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेम्स सेन्फ्ट यांनी त्याचा ध्यास घेतला, त्यांचं एक इंजिन हाताच्या तळव्याच्या उबेवर चालतं आणि त्यांच्या पी-१९ नावाच्या इंजिनाने तर अर्धा अंश सेल्सिअस फरकावर फेरे मारले. म्हणजे फरक कमी असणं हा काही आजार नाही. त्या फरकाला साजेसं माप नसणं हा आजार आहे.

आणि मापाचा एक साधा नियम कोलिन यांच्या नावाने चालतो, तो मी भिंतीवर लिहून ठेवलाय: तापमानाच्या फरकाला ११०० ने भागा. जे उत्तर येईल तेवढा भाग, डिस्प्लेसरने ढकललेल्या हवेच्या आकारमानाचा, पॉवर पिस्टनने एका स्ट्रोकमध्ये व्यापायचा. फरक ५५ अंश असेल तर ५ टक्के, २२ असेल तर २ टक्के. हा काही निसर्गनियम नाही, अंदाज आहे, तुमच्या इंजिनात मेलेली जागा किती, म्हणजे नळ्या, कोपरे, सिरिंजचं तोंड वगैरेत अडकलेली हवा किती, यावर थोडं इकडेतिकडे होतं. पण सुरुवातीला याच्या जवळपास राहिलात तर भरकटत नाही.

आता तुमचे आकडे घाला. १०० मिमी व्यास आणि १० मिमी स्ट्रोक म्हणजे डिस्प्लेसर साधारण ७८ घन सेंटिमीटर हवा ढकलतो. १० एमएलच्या काचेच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण साडेपंधरा मिमी भरतो (तुमची व्हर्निअरने मोजा, कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो), त्यावर २० मिमी स्ट्रोक म्हणजे ३.८ घन सेंटिमीटर. हे झालं ४.८ टक्के. उलट हिशोब केला तर तुमच्या इंजिनाला ५३ अंशांचा फरक हवा. तुम्ही म्हणाल पाणी उकळतंय, अकोल्याच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर आहे, झाले की साठ. नाही झाले. पाणी ओतल्याबरोबर उतरायला लागतं, खालची प्लेट पाण्याइतकी तापत नाही, आतली हवा प्लेटइतकी तापत नाही, आणि वरची प्लेट काही खोलीच्या तापमानाला बसून राहत नाही, ती खालून येणाऱ्या उष्णतेने दहा मिनिटांत चांगली कोमट होते. दोन्ही प्लेटांना थर्मामीटरचा सेन्सर चिकटवून बघा. वरून वारा-पाणी काही न करता माझ्या अनुभवात २५ ते ३० अंशांच्या वर फरक टिकत नाही.

म्हणजे करायचं काय तर पिस्टनचा क्रँक १० मिमीवरून ५ वर आणा. डिस्प्लेसरच्या क्रँकइतकाच. पिस्टन १० मिमी चालेल, १.९ घन सेंटिमीटर, २.४ टक्के, आणि त्याला लागणारा फरक २६ अंश. तुमच्याकडे आहे तेवढा. पोरांना हे पटत नाही, त्यांना वाटतं पिस्टन जास्त हलला तर ताकद जास्त. पण दाब जेवढा आहे तेवढ्यात पिस्टन अर्ध्या वाटेवर पोचेपर्यंत आतला दाब बाहेरच्या हवेइतका उतरलेला असतो, पुढची अर्धी वाट फ्लायव्हीलच पिस्टनला ओढून नेतं, म्हणजे तुम्ही झटक्याने दिलेली शक्ती परत इंजिनातच मुरते. मी तर क्रँकच्या चकतीवर केंद्रापासून ३, ४, ५, ६, ८ मिमीवर भोकं पाडून ठेवतो, पिन काढून दुसऱ्या भोकात घातली की झालं, प्रोजेक्टसाठी हा आयता प्रयोगही होतो.

स्ट्रोक बदलून इंजिन लगेच चालू लागेल का? कदाचित. तुमचं घर्षण किती आहे यावर आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. पण ते मोजायची एक सोपी रीत आहे आणि ती करण्याआधी बाकी काहीही उघडू नका.

एका फेऱ्यात तुमच्या इंजिनाला मिळतं किती ते बघा. आदर्श धरलं तर दाब वातावरणाच्या पाच-साडेपाच टक्के वर-खाली व्हायला हवा, पण हवा प्लेटचं तापमान पूर्ण घेत नाही म्हणून निम्मा धरू, अडीच किलोपास्कल. त्याला १.९ घन सेंटिमीटरने आणि पाय (π) भागिले चारने गुणलं की साधारण साडेतीन मिलिज्यूल येतात. एका फेऱ्याचे. एवढ्यातच सगळं भागवायचंय, बेअरिंग, सिरिंज, डिस्प्लेसरचा रॉड, हवेचा विरोध, सगळं. हीच ताकद सीडीच्या कडेला मोजली, केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, तर जेमतेम एक ग्रॅम वजनाइतकी भरते. एक ग्रॅम!

म्हणून टेस्ट अशी. प्लेटवरचा एखादा स्क्रू काढून आतली हवा मोकळी करा म्हणजे दाबाचा अडथळा नको. पाणी नको, सगळं थंड. आता ए-४ चा नेहमीचा ७५ जीएसएमचा कागद घ्या, तो पावणेपाच ग्रॅम भरतो, त्याचा चतुर्थांश म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. अष्टमांश म्हणजे ०.६ ग्रॅम. अष्टमांश तुकड्याची घट्ट गोळी करून सीडीच्या कडेला, घड्याळात तीनचा आकडा असतो तिथे, टेपच्या छोट्या तुकड्याने चिकटवा आणि सोडा. चाक हललं आणि गोळी खाली आली तर तुमचं इंजिन चालण्यासारखं आहे. चतुर्थांश लावल्यावरच हलत असेल तर सगळी ताकद घर्षणातच जातेय, गरम पाणी बदलत बसून उपयोग नाही. आणि पूर्ण कागद लावूनही हलत नसेल (असं खूप जणांचं असतं, वाईट वाटून घेऊ नका) तर कुठेतरी काहीतरी घासतंय, नुसतं घट्ट नाही. चाकाच्या वेगवेगळ्या जागी थांबवून चार-पाच ठिकाणी करून बघा, एकाच जागी अडत असेल तर तो घर्षणाचा नाही, बॅलन्सचा किंवा वाकड्या रॉडचा दोष.

बॅलन्स आधी उरकून घ्या, कारण तो नसेल तर कागदाची टेस्ट खोटं बोलते. काचेचा प्लंजर चांगला जड असतो, डिस्प्लेसर रॉडसकट काही ग्रॅम, दोन्ही ९० अंशांच्या अंतरावर टांगलेले, त्यामुळे चाक नेहमी एकाच जागी येऊन थांबतं. थांबलं की सगळ्यात वरच्या जागी सीडीच्या आतल्या बाजूला एखादा छोटा नट नाहीतर एम-सीलची गोळी लावा, परत सोडा, परत बघा, असं करत करत चाक कुठेही सोडलं तरी तिथेच राहायला लागलं की झालं. सिरिंजचा प्लंजर डायमंड व्हीलने कापून हलका करणारे लोक आहेत, पण काच आहे, पाण्याखाली आणि गॉगल घालूनच, आणि पहिल्या इंजिनाला त्याची गरज नाही.

सिरिंज ही या इंजिनातली सगळ्यात लाडकी वस्तू आणि सगळ्यात जास्त हाल तिचेच होतात. तुम्ही काचेची घेतली हे उत्तम, प्लॅस्टिकच्या सिरिंजचा रबरी पिस्टन हलवायलाच शेकडो ग्रॅम लागतात, तिथे एक ग्रॅमवाल्या इंजिनाचं काय चालणार. काचेच्या सिरिंजमध्ये प्लंजर आणि नळी जोडीने घासलेली असतात, पुष्कळदा दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो, दोन सिरिंज एकत्र धुतल्या तर जोड्या बदलू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि पूर्ण वाळू द्या, नंतर घासलेल्या भागाला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणाही तिथे ब्रेकसारखा लागतो. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० काहीही नको. फारतर शिसपेन्सिलीच्या ग्राफाइटची चिमूटभर पूड. मग सिरिंज उभी धरून, तोंड उघडं ठेवून प्लंजर सोडा, तो स्वतःच्या वजनाने मऊ घरंगळत खाली यायला पाहिजे, अडखळत नाही. आता तोंडावर बोट दाबून परत सोडा. प्लंजर अधांतरी थांबायला हवा आणि अगदी सावकाश उतरायला हवा. पहिलं जमतं आणि दुसरं जमत नाही ती सिरिंज गळकी, दुसरं जमतं आणि पहिलं नाही ती घाण किंवा ओली. सर्जिकलच्या दुकानात दोन-तीन सिरिंज काढायला लावून तिथेच हे करून बघा, दुकानदार जरा कुरकुरतो, पण देतो.

सिरिंज न मिळाल्यास फुगा किंवा सर्जिकल ग्लोव्हचं रबर ढिलं बसवून डायफ्रॅमही चालतो. ताणलेला अजिबात नको. तुम्हाला लागणार नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

दुसरी जागा डिस्प्लेसरच्या रॉडची. वरच्या प्लेटमधून रॉड जातो तिथे पितळेची नळी, मी १५ ते २० मिमी लांब ठेवतो, रॉड त्यातून स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे पण खुळखुळला नाही पाहिजे, हे दोन्ही एकत्र जमवणं हीच खरी कारागिरी. तुम्ही सायकलचा स्पोक वापरलाय असं फोटोवरून वाटतंय, स्पोक २ मिमीचा आणि चांगलाच असतो पण सरळ क्वचितच असतो. काचेच्या तुकड्यावर लोळवून बघा, खालून उजेड फटीतून लुकलुकला तर वाकडा. शक्य असेल तर दीड मिमीची पियानो वायर घ्या, ती सरळही असते आणि हलकीही. आणि थर्माकोलची चकती रॉडला काटकोनात बसली पाहिजे, नाहीतर एका बाजूने रिंगला घासते आणि बाहेरून ऐकू आल्याशिवाय कळत नाही. कान लावा, कागदावर नख फिरवल्यासारखा आवाज येतो. रिंग आणि चकतीमध्ये सगळीकडून दीड-दोन मिमी फट ठेवा, चकती जास्त घट्ट बसवून फायदा नाही, हवेला खालून वर जायला तीच वाट आहे. जाता जाता एक सांगतो, थर्माकोलला फेविक्विक लावू नका, तो खातो थर्माकोलला, आणि त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर आणि सिरिंजच्या काचेवर पांढरी साय धरते. फेविकॉल लावा, रात्रभर ठेवा.

बेअरिंगबद्दल एवढंच की ६२३ किंवा ६९३ नंबरची ३ मिमी भोकाची छोटी बेअरिंग घ्या, मुंबईत नागदेवीला मिळतात, ऑनलाइनही मिळतात, आणि त्यांचं रबरी किंवा पत्र्याचं झाकण काढून आतलं ग्रीस पेट्रोलने धुवून टाका. कोरडी बेअरिंग खडखड आवाज करते, करू दे. पेट्रोलचं काम घराबाहेर, गॅस-उदबत्तीपासून लांब.

इथपर्यंत जमलं, कागदाचा अष्टमांश चाक हलवतोय, मग गळतीकडे या. भांड्यावर इंजिन ठेवा, तापू द्या, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड सोडवा आणि हाताने डिस्प्लेसर वर उचला. पिस्टन आपणहून वर उचलला गेला पाहिजे आणि तुम्ही डिस्प्लेसर वर धरून ठेवलात तर काही सेकंद तरी वर टिकला पाहिजे. उचलला जाऊन लगेच खाली बसला तर रिंगच्या खोबणीत, रॉडच्या नळीपाशी नाहीतर सिरिंजच्या बुडाशी गळतंय, साबणाचा फेस लावून शोधा. उचललाच गेला नाही तर गळती मोठी आहे किंवा डिस्प्लेसर प्लेटपर्यंत पोचतच नाहीये. इथे एक बारकावा. शंभर टक्के हवाबंद इंजिनही चालत नाही. थंडीत बंद केलेली हवा तापली की सरासरी दाबच वाढतो आणि पिस्टन वरच चिकटून बसतो. काचेच्या सिरिंजच्या कडेने जी किंचित हवा सुटते तीच हे सांभाळून घेते, म्हणून सिरिंजवाल्याने फार कडक सील करायच्या नादी लागू नये. डायफ्रॅमवाल्याने मात्र एक छोटा स्क्रू ठेवावा, इंजिन तापल्यावर क्षणभर उघडून बंद करायला.

आणि झटका कुठल्या दिशेने देताय ते तुम्ही लिहिलेलं नाही! हसू नका, चांगली चांगली इंजिनं इथे अडतात. हे इंजिन दोन्हीकडे चालत नाही. खाली गरम असताना डिस्प्लेसर आधी वर पोचला पाहिजे आणि त्यानंतर पाव फेऱ्याने पिस्टन वर पोचला पाहिजे, त्याच दिशेने फिरवा. डिस्प्लेसर सगळ्यात वर असताना दाब सगळ्यात जास्त, त्या क्षणी पिस्टन मधोमध असून वर निघालेला हवा, एवढं तपासा की झालं. उलटा झटका दिलात तर इंजिन प्रत्येक फेऱ्यात ब्रेकच लावतं.

आता उष्णतेकडे, जिथून तुम्ही सुरुवात केली होतीत. खालून जास्त देण्यापेक्षा वरून काढून घेणं स्वस्त पडतं. दोन प्लेटा आवळायला तुम्ही लोखंडी बोल्ट वापरलेत, सहा आहेत बहुतेक. एम-४ चा एक बोल्ट २५ अंश फरकावर साधारण अर्धा वॅट उष्णता खालून वर नेतो, सहांचे मिळून तीन वॅटच्या घरात, आणि ती सगळी फुकट वरची प्लेट तापवते. इंजिनाची स्वतःची ताकद बघा, साडेतीन मिलिज्यूल, सेकंदाला दोन फेरे धरले तर ७ मिलिवॅट. तेव्हा बोल्ट नायलॉनचे घाला, बाकी काही न बदलता वरची प्लेट दोन-चार अंशांनी तरी उतरेल. वर पंख्याचा वारा असू द्या, नाहीतर ओल्या फडक्याची पट्टी सिरिंज आणि खांबाच्या भोवतीने गुंडाळून ठेवा. खालचं भांडं प्लेटपेक्षा किंचित लहान तोंडाचं घ्या म्हणजे वाफ प्लेटखाली कोंडते, तिथेच तिचं पाणी होतं आणि ती उष्णता सगळी प्लेटला मिळते. भांडं मोठं असेल तर तीच वाफ बाजूने वर येऊन वरच्या प्लेटला शेकते.

मेणबत्ती का नको तेही यातच आलं. थर्माकोल ८० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, ॲक्रिलिकही त्यानंतर फार दम धरत नाही, आणि मेणबत्ती एकाच जागी प्लेट त्याच्या कितीतरी वर नेते. चकती वितळून खाली चिकटली की इंजिन परत पहिल्यापासून. ज्योतीवरच चालवायचं असेल तर ते वेगळ्या जातीचं इंजिन, स्टीलची नळी, लांबट डिस्प्लेसर, त्याचं माप-गणित वेगळं.

मोबाइलचं. साधा चार्जर ५ वॅट देतो. तुमचं इंजिन उत्तम चाललं तर ७ मिलिवॅट, आणि त्यातलं डायनामोपर्यंत निम्मं तरी पोचलं तर नशीब. म्हणजे अशी सातशे इंजिनं हवीत, आणि तीही तोटा धरला नाही तर. हा कारागिरीचा दोष नाही. ६५ आणि ४० अंशांच्या मध्ये चालणारं जगातलं कुठलंही इंजिन उष्णतेचा साडेसात टक्क्यांहून जास्त भाग कामात बदलूच शकत नाही, कार्नोचं गणित आहे ते, आणि आपलं खेळण्यातलं त्याच्या आसपासही जात नाही. परीक्षकांनी विचारलं तर हेच आकडे सांगा, एलईडी लावून दाखवण्यापेक्षा वजन पडतं.

त्यापेक्षा तुम्ही अकोल्यात आहात आणि मे महिना आहे याचा फायदा घ्या ना! पुण्या-मुंबईच्या पोरांना हे जमणार नाही. तुमच्याकडे दुपारची हवा ४२-४३ अंश आणि खडखडीत कोरडी, आणि त्याच घरात माठातलं पाणी २५ च्या आसपास. एका वाटीत माठातलं पाणी घ्या, काठोकाठ, त्यावर इंजिन ठेवा म्हणजे खालची प्लेट थंड, आणि वरच्या प्लेटवर दुपारचा वारा लागू द्या. फरक १५ अंशांचा धरा, ११०० ने भागा, १.४ टक्के, म्हणजे पिस्टनचा स्ट्रोक ६ मिमी आणि क्रँकचं ३ मिमीचं भोक. फक्त झटका उलट्या दिशेने, कारण आता गरम बाजू वर आहे. आग नाही, वीज नाही, बर्फ नाही, माठावर चालणारं इंजिन. एवढ्या कमी फरकावर कागदाचा अष्टमांश पुरत नाही, ताकद एका फेऱ्याला सव्वा मिलिज्यूलच्या आसपास उतरते, तेव्हा सोळाव्या भागाने चाक हलेपर्यंत घर्षण उतरवावं लागेल. कोकणात किंवा मुंबईत हाच प्रयोग फसतो कारण दमट हवेत माठ फारसा थंड होत नाही. आणि तळहातावर इंजिन चालवून दाखवायचा जो नेहमीचा खेळ आहे तो तुमच्याकडे मे महिन्यात उलटा चालतो, तळवा ३३-३४ अंशांचा आणि हवा ४२ ची, म्हणजे हातच थंड बाजू.

प्रोजेक्टसाठी मोजमाप घ्यायचं तर दोन प्लेटांना डीएस१८बी२० सेन्सर नाहीतर साधे डिजिटल थर्मामीटर, आणि फेरे मोजायला मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ, सीडीवर मार्करची एक रेघ. पाणी गार होत जाईल तसतसे फरक आणि फेरे लिहीत जा, क्रँकच्या प्रत्येक भोकासाठी वेगळी ओळ. मोठ्या स्ट्रोकवर इंजिन लवकर थांबेल आणि छोट्या स्ट्रोकवर कितीतरी कमी फरकापर्यंत रेंगाळत राहील, ग्राफ आपोआप दिसेल.

तर आधी क्रँक ५ मिमीचा, मग बॅलन्स, मग कागद, मग गळती, या क्रमाने जा, मधलं काही गाळू नका. कागदाचा कितवा हिस्सा लागला आणि तापल्यावर दोन्ही प्लेटांचं तापमान किती आलं तेवढे तीन आकडे इथे टाका, आणि रॉडच्या नळीचा जवळून एक फोटो, मला अजूनही तिथेच संशय आहे.